बंद झालेला घडीचा चाकू: संग्रहासाठी घ्यावा का, आणि हातात पडेपर्यंत खर्च किती?

‘मॉडेल बंद झाले आहे, पुन्हा मिळायचे नाही.’ जुन्या घडीच्या चाकूची जाहिरात बहुधा याच वाक्याने सुरू होते आणि किंमतही याच वाक्यावर चढते. पैसे काढण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: नेमके काय बंद झाले? कारखाना, ब्रँड, मॉडेल की नुसता मुठीचा रंग? चारही गोष्टींना ‘बंद’ म्हटले जाते, पण चारींचे मोल सारखे नाही. उत्तर गुळमुळीत आले तर तिथेच थांबा.

इथे मुख्यतः स्विस आर्मी चाकू धरले आहेत, कारण घरात परदेशाहून आलेला घडीचा चाकू निघाला तर तो बहुधा लाल मुठीचा आणि पांढऱ्या क्रॉसचाच असतो. नव्या संग्राहकासाठी सर्वांत सुरक्षित सुरुवातही तिथेच आहे. अमेरिकी चाकूंचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे ते सांगितले आहेत.

काय बंद झाले, ते आधी ठरवा

कारखाना बंद पडणे ही सर्वांत पक्की गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिलची इम्पीरियल श्रेड 2004 साली बंद झाली. त्याच राज्यातली, 1876 पासूनची कॅमिलस 2007 साली बंद पडली. पण दोन्ही नावे विकली गेली, आणि त्या नावांचे चाकू दुसरीकडे बनून बाजारात येत राहिले. म्हणून पेटीवर ‘श्रेड’ किंवा त्यांचीच मालिका ‘ओल्ड टायमर’ एवढेच वाचून जुन्या मालाचा भाव देऊ नका. पाते मुठीत शिरते तिथे, पात्याच्या मुळाशी, ठसा असतो. तो वाचा. नावाखाली ‘यू.एस.ए.’ नसेल तर चाकू नंतरचा आहे असे धरूनच बोली लावा.

ब्रँड बंद झाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे वेंगर. स्वित्झर्लंडच्या देलेमों गावची ही कंपनी. इबाखची व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर या दोघींकडून स्विस सैन्य शंभरेक वर्षे चाकू घेत होते. 2005 साली व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली, काही वर्षे दोन्ही नावे चालू ठेवली आणि 2013 च्या जानेवारीत जाहीर केले की यापुढे चाकू फक्त व्हिक्टोरिनॉक्स या नावाने निघतील. देलेमोंचा कारखाना मात्र बंद झाला नाही, आणि वेंगर हे नाव आजही घड्याळांवर आणि बॅगांवर दिसते. म्हणजे ‘वेंगर कंपनीच बुडाली’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. खरे एवढेच, की वेंगर नावाच्या चाकूंची संख्या आता वाढणार नाही.

संख्या वाढणार नाही याचा अर्थ ती कमी आहे असा होत नाही. वेंगरचे चाकू शतकभर बनले. दोन पाती, कात्री, नखाची कानस असलेला साधा लाल वेंगर जगभर ड्रॉवरांत पडून आहे. त्याला ‘दुर्मीळ’ म्हणून दुप्पट पैसे देऊ नका.

मॉडेल बंद होणे ही तिसरी गोष्ट, आणि संग्राहकाला इथेच सर्वाधिक मजा आहे. पण इथे एक धोकाही आहे: बंद मॉडेल परत येऊ शकते. अमेरिकेची स्पायडर्को आपली जुनी, बंद केलेली मॉडेले वेगळ्या पोलादात किंवा वेगळ्या मुठीत मर्यादित संख्येने पुन्हा काढते. त्यांना ‘स्प्रिंट रन’ म्हणतात. तुम्ही चढ्या भावाने घेतलेल्या मॉडेलचे भावंड पुढच्या वर्षी दुकानात आले तर तुमचा भाव टिकेलच असे नाही. ज्या कंपनीला असे करायची सवय आहे तिचे चाकू वापरायला घ्या. नफ्यासाठी घेऊ नका.

रंग बंद झाला एवढ्यावर जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. तोच रंग तुम्हाला मनापासून हवा असेल तर गोष्ट वेगळी.

पहिला चाकू घ्यायचा तर कोणता?

माझे स्पष्ट मत: 1961 मॉडेलचा स्विस सैनिकी चाकू घ्या. कारणे सरळ आहेत. सुरुवात आणि शेवट ठरलेला आहे: 1961 ते 2008. त्यानंतर सैन्याने 111 मिलिमीटरचा, लॉक होणाऱ्या दातेरी पात्याचा नवा चाकू घेतला. बनवणारे दोनच, व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर. लांबी 93 मिलिमीटर. मूठ खरखरीत नक्षीच्या चंदेरी ॲल्युमिनियमची, तिच्यावर लाल ढालीत पांढरा क्रॉस. हत्यारे चारच: मोठे पाते, आरी, टोकाला छोटा स्क्रू ड्रायव्हर असलेला कॅन ओपनर, आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर असलेला बाटलीचा ओपनर. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पात्याच्या मुळाशी सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. ‘84’ असेल तर 1984. तारखेसाठी कोणा जाणकाराच्या पाया पडावे लागत नाही.

हे चाकू सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनले, म्हणून भाव आवाक्यात आहे. वापरलेल्या, साधारण अवस्थेतल्या नगाला परदेशी बाजारात सहसा शंभर डॉलरच्या आत पैसे पडतात. कोणी त्याहून फार जास्त मागत असेल तर कारण विचारा. न वापरलेला, मूळ खोक्यासह, किंवा सुरुवातीच्या सालांचा असेल तर जास्त भाव समजू शकतो. ‘युद्धात वापरलेला’ असे सांगत असेल तर हसून पुढे जा. 1961 नंतर स्वित्झर्लंड कोणत्याही युद्धात उतरलेले नाही.

आपल्या किंवा मुलाच्या जन्मसालाचा चाकू शोधणारे बरेच असतात. विक्रेत्यांनाही ते ठाऊक असते. जन्मसाल हवे असल्याचे आधी बोलू नका. आधी भाव विचारा, मग साल.

आणि चाकू खिशात ठेवून आंबे कापायचे असतील, तर हा शोध घेऊच नका. व्हिक्टोरिनॉक्सचा ‘पायोनियर’ जवळजवळ हाच चाकू आहे, वर किल्लीची कडीही आहे, आणि तो आजही नवा मिळतो. बंद झालेल्या वस्तूसारखीच वस्तू नवी मिळत असेल, तर जुनीला जादा पैसे फक्त तिच्या जुनेपणाचे जातात, एवढे डोक्यात स्पष्ट ठेवा.

वेंगरमध्ये काय पाहावे? चिन्हात क्रॉसभोवती कोपरे गोलावलेला चौकोन असतो. व्हिक्टोरिनॉक्सला ढाल असते. वेंगरच्या कात्रीच्या पात्याला बारीक दाते असतात आणि तिला व्हिक्टोरिनॉक्ससारखी वेगळी छोटी दिसणारी स्प्रिंग नसते. कॅन ओपनरही उलट्या दिशेने चालतो. हे फरक व्हिक्टोरिनॉक्सच्या मूळच्या चाकूंत नाहीत, म्हणून कात्रीचा वेंगर चांगल्या अवस्थेत योग्य भावाला मिळाला तर जरूर घ्या. काळ्या रबराच्या पकडीची ‘इव्होग्रिप’ मालिका वापरायला छान, पण ती आकाराने तशीच पुढे व्हिक्टोरिनॉक्सच्या नावाने निघाली. तिला दुर्मीळतेचा भाव देऊ नका. आणि 87 हत्यारांचा, 141 कामांचा तो प्रचंड ‘जायंट’ चाकू? तो फक्त कपाटात ठेवायचा. पुन्हा विकताना तेवढे पैसे मोजणारा ग्राहक मिळणे कठीण, आणि पाठवणीचा खर्च वजनाप्रमाणे वाढतो. पहिल्या पाच चाकूंत त्याला जागा देऊ नका.

अमेरिकी चाकू घेणार असाल तर पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या ‘केस’पासून सुरुवात करा. कंपनी चालू आहे, पण जुन्या ठशांवरून साल कळते. 1940 ते 1964 ‘केस डबल एक्स’. 1965 ते 1969 त्याखाली ‘यू.एस.ए.’; 1970 साली त्याखाली दहा ठिपके, आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी. 1979 च्या चाकूवर एकच ठिपका उरतो. पात्यावरच्या आकड्यांतला पहिला अंक मुठीचे साहित्य सांगतो, दुसरा अंक पात्यांची संख्या. ‘6’ने सुरू होणाऱ्या आकड्याला मूठ सहसा हाडाची असते आणि दुसरा अंक ‘2’ असेल तर पाती दोन हवीत. तीन दिसली तर काहीतरी बदलले आहे; मूठ प्लॅस्टिकची दिसली तर ती मूळची आहे का ते विचारा. ‘बक’ कंपनीने 1986 पासून मॉडेल क्रमांकाशेजारी दर वर्षाचे वेगळे चिन्ह ठोकले आहे. तक्ते सहज सापडतात.

छायाचित्रे मागा, आणि ही मागा

विक्रेत्याने एकच चकचकीत फोटो लावला असेल तर आणखी मागा. मिटलेला चाकू दोन्ही बाजूंनी. प्रत्येक हत्यार उघडून. पात्याच्या मुळाचा ठसा दोन्ही बाजूंनी, जवळून. पाठीच्या स्प्रिंगा. उघडे पाते उजेडासमोर धरून, म्हणजे फट दिसते. मोठे पाते पट्टीशेजारी. हे फोटो काढायला पाच मिनिटे लागतात. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

आता त्या फोटोंत काय पाहायचे. धार लावून लावून पाते झिजले आहे का? नव्या पात्याच्या चित्राशी ताडून पाहा. उंची कमी, टोक खाली आलेले, धार मधोमध आत गेलेली असेल तर भाव निम्म्याहून खाली आणा. पॉलिश केले आहे का? चाकावर घासलेल्या पात्याच्या कडा गोलावतात आणि ठसा उथळ होतो. विक्रेता याला ‘नूतनीकरण’ म्हणेल. संग्राहकाच्या दृष्टीने हे नुकसान आहे, त्याची भरपाई होत नाही. पाते डावी-उजवीकडे हलते का, उघडताना आणि मिटताना ठसक्यात बसते का, हे लेखी विचारा. ‘हलत नाही’ असे लेखी उत्तर आले आणि चाकू हलता निघाला, तर तक्रारीला आधार राहतो.

लाल मुठीचा खरा सापळा वेगळाच आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या प्लॅस्टिक मुठी रिव्हेटांच्या टोकांवर दाबून बसवलेल्या असतात. त्या काढून नव्या बसवणे अवघड नाही, आणि नव्या मुठी सुट्या मिळतात. त्यामुळे झिजलेल्या पात्यावर कोरी करकरीत लाल मूठ दिसली तर तिचे कौतुक करू नका. मूठ आणि पात्याचे वय जुळते का ते पाहा. दातकोरणे आणि चिमटा मूळचे आहेत का हेही विचारा; नसतील तर भाव कमी करा, पण त्यासाठी व्यवहार मोडू नका, ते सुटे मिळतात.

नकली माल भरपूर आहे. खऱ्या 91 मिलिमीटरच्या लाल चाकूवर ढालीचे चिन्ह सहसा धातूचे, मुठीत बसवलेले असते. 58 मिलिमीटरच्या छोट्यावर ते छापील असते. मोठ्या चाकूवर रंगवलेले, पुसट, तिरके चिन्ह दिसले, ठशातले शब्द अस्पष्ट दिसले, मुठीवर साच्याची रेघ दिसली, की विषय संपवा.

कुठे मिळतात?

मुंबईत चोर बाजारची मटण स्ट्रीट. दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी सकाळी रस्त्यावर बाजार भरतो, लवकर जा. पुण्यात जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी. दोन्हीकडे बिल मिळण्याची आशा धरू नका, वॉरंटी विसरा, आणि चाकू हातात घेऊन प्रत्येक हत्यार उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सोबत छोटे भिंग आणि पट्टी न्या. अशा जागी चांगला माल रोज येत नाही. पण येतो तेव्हा पाठवणी आणि सीमाशुल्क दोन्ही वाचते, आणि पुढचा हिशेब पाहिलात की ही बचत किती मोठी आहे ते कळेल.

ऑनलाइन जुना माल सर्वाधिक ईबेवर. ईबेचे भारतीय संकेतस्थळ 2018 साली बंद झाले, त्यामुळे खरेदी परदेशी संकेतस्थळावरून आणि पैसे परकीय चलनात. स्विस चाकूंसाठी स्वित्झर्लंडचे ‘रिकार्डो’ मोठे आहे, पण तिथले बरेच विक्रेते देशाबाहेर पाठवत नाहीत. तिथे राहणारा नातेवाईक असेल तरच उपयोग.

भाव ठरवताना मागितलेली किंमत कधीही पाहू नका. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ अशी गाळणी आहे. ती लावा. गेल्या तीनेक महिन्यांत तोच चाकू खरोखर किती डॉलरला गेला, हे दिसते. सर्वांत महाग एक आणि सर्वांत स्वस्त एक वगळा. मधले आकडे हाच तुमचा भाव. पहिल्या खरेदीआधी तीन महिने फक्त पाहा. त्या काळात तसाच चाकू पाच-सहा वेळा विकला गेला तर तो दुर्मीळ नाही, घाई नको. एकदाही विकला गेला नाही तर दोन शक्यता: खरोखर दुर्मीळ, किंवा कोणालाच नको. दुसरीच शक्यता जास्त धरा.

खरा खर्च

आता हिशेब. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या दिवसाचा विनिमय दर आणि शुल्काचा दर घालून पुन्हा करा.

समजा बोली 60 डॉलरला लागली. पाठवणी 25 डॉलर. एकूण 85. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 7,650 रुपये. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचे बँकेचे शुल्क साडेतीन टक्के धरा: 268 रुपये. त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी: 48 रुपये. मग सीमाशुल्क आणि कर. सगळे मिळून 40 टक्के धरले तर 3,060 रुपये. कुरिअर कंपनीचे मंजुरीचे आणि हाताळणीचे शुल्क, करासह 800 धरा. बेरीज 11,826 रुपये.

चाकूची किंमत होती 5,400. तुम्ही दिलेत दुपटीहून जास्त.

यातल्या तीन गोष्टी लोक विसरतात. एक, सीमाशुल्क फक्त चाकूच्या किमतीवर लागत नाही. पाठवणी आणि विमाही त्यात धरला जातो. पाठवणी महाग तर शुल्कही महाग. दोन, कुरिअरचे हाताळणी शुल्क वस्तूच्या किमतीशी फारसे बांधलेले नसते. स्वस्त चाकूला ते जास्त बोचते. म्हणून वीस डॉलरचा एकटा चाकू परदेशातून कधीही मागवू नका. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकत्र घ्या, एकाच खोक्यात. तीन, दर अर्थसंकल्पात बदलतात. बोली लावण्याच्या आठवड्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा कुरिअर कंपनीकडे चालू दर विचारा. मागच्या वर्षी मित्राने किती भरले ते उपयोगाचे नाही.

कागदपत्रे: कुरिअरने माल आला की ओळख आणि पत्त्याचा पुरावा मागतात, आधार, पॅन किंवा पासपोर्टची प्रत तयार ठेवा. त्यावरचे नाव आणि पत्ता पार्सलवरच्या नावा-पत्त्याशी जुळला पाहिजे, नाहीतर पार्सल अडकते आणि साठवणुकीचे भाडे चढू लागते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची पावती, विक्रेत्याशी झालेले संभाषण, माग क्रमांक: सगळे एका फोल्डरमध्ये ठेवा. पार्सलवर नुसते ‘चाकू’ लिहू देऊ नका. घडीचा, खिशातला, लॉक नसलेला, संग्रहाचा जुना चाकू असे इंग्रजीत पूर्ण लिहायला सांगा, आणि वर्गीकरण क्रमांक 8211 93 घालायला सांगा. घडीच्या पात्याच्या चाकूंचा तो आहे. किती दिवस? नीट कागदपत्रांचे कुरिअर पार्सल लवकर सुटते, टपालाने आलेले आठवडे घेऊ शकते. गणपतीत भेट द्यायचा असेल तर आषाढात मागवा.

दोन पळवाटा तुम्हाला हमखास सुचवल्या जातील. ‘भेट म्हणून पाठवतो, शुल्क लागणार नाही.’ भेटवस्तूंची ती सवलत 2019 च्या डिसेंबरात संपली. राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता ती राहिलेली नाही. दुसरी, ‘किंमत दहा डॉलर लिहितो.’ पकडले गेले तर दंड तुमचा. पार्सल हरवले तर भरपाईही दहाच डॉलरची. स्पष्ट नकार द्या आणि खरी किंमत लिहायला सांगा.

सर्वांत स्वस्त आणि सरळ रस्ता एकच: परदेशातून येणारे घरचे माणूस. चाकू त्यांच्या पत्त्यावर मागवा, त्यांनी तो चेक-इन सामानात आणावा, पावतीसह. हातातल्या बॅगेत मुळीच नको. सुरक्षा तपासणीत तो जप्त होईल आणि परत मिळणार नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: तिथे कारणाशिवाय जवळ बाळगायला फक्त लॉक न होणारा, तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू चालतो. 1961 चा सैनिकी चाकू लॉक होत नाही. त्यानंतरचा सैनिकी चाकू लॉक होतो, म्हणून तो तिथे खिशात घालून फिरू नये.

कायद्याची बाजू

भारतात शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा शस्त्रांत समावेश होतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाचे चाकू त्यातून वगळले आहेत. खिशातला स्विस चाकू या मापांच्या जवळपासही जात नाही. पण घरी ठेवणे आणि बाजारात घेऊन फिरणे यांत फरक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी मनाई आदेश निघतात, आणि त्यांत चाकू बाळगण्यावरही बंदी येते. जुन्या बाजारातून घेतलेला चाकू कागदात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, थेट घरी न्या. बटण दाबताच पाते बाहेर उडणाऱ्या किंवा फुलपाखरासारख्या दोन मुठींच्या चाकूंच्या वाटेला जाऊ नका. अनेक देशांत ते बेकायदा आहेत, मोठी संकेतस्थळे ते विकू देत नाहीत, आणि तुमचे पार्सल सीमाशुल्कात अडकले तर सोडवण्याचा खर्च चाकूच्या किमतीहून वर जाईल.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून बाहेर पाठवायची असेल तर पुरावशेष कायदा 1972 आड येऊ शकतो. पणजोबांचा चाकू अमेरिकेतल्या भाच्याला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

घरी आल्यावर

ठेवण्याचा खर्च कमी आहे, पण निष्काळजीपणा महाग पडतो, कोकणात आणि मुंबईत विशेषतः. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते, त्यातल्या द्रव्यांनी पितळ हिरवे पडते आणि पोलाद डागाळते. म्यान वेगळे ठेवा, चाकू वेगळा. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात पुड्या तापवून पुन्हा कोरड्या करा. सांध्यांत शिलाई यंत्राचे तेल एकच थेंब. स्वयंपाकघरातले तेल नको, ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. जुन्या अमेरिकी चाकूंच्या सेल्युलॉइडच्या मुठी वेगळ्याच डब्यात ठेवा; त्या कुजू लागल्या की त्यांच्या वाफेने शेजारचे चाकू गंजतात. मूठ आक्रसलेली, तडकलेली किंवा पोलाद तिच्याजवळच जास्त गंजलेले दिसले तर तो चाकू विकतही घेऊ नका.

संग्रहातला चाकू कंपनीच्या दुरुस्ती केंद्राला पाठवू नका. त्यांचे काम तुम्हाला चालता चाकू देणे हे आहे. ते भाग बदलतील, धार लावतील, पॉलिश करतील, आणि दुरुस्त होत नसेल तर बदली सध्याचे मॉडेल देऊ शकतात. वापरणाऱ्याला ही उत्तम सेवा आहे. तुमच्या 1972 च्या चाकूला ती नको.

विकताना

भारतात या वस्तूला गिऱ्हाईक थोडे. परदेशी विकायचे तर पाठवणी, संकेतस्थळाचे कमिशन, पैशांच्या रूपांतराचा खर्च हे सगळे पुन्हा लागतात, या वेळी तुमच्या खिशातून. वरच्या उदाहरणातला 11,826 रुपयांचा चाकू तुम्ही उद्या 60 डॉलरला विकला तर हातात 5,400 हून कमीच येतील. त्याचा भाव दुपटीहून वर गेल्याशिवाय तुमचे पैसे सुटत नाहीत, आणि सामान्य चाकूंचा भाव असा चढत नाही. म्हणून ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरणाऱ्या विक्रेत्याकडून काहीच घेऊ नका.

घ्यायचा तेव्हा असा घ्या: साल ठरलेले, ठसा स्पष्ट, पाते पूर्ण, मूठ मूळची, तसाच दुसरा नवा न मिळणारा, आणि सगळा खर्च धरून आलेला आकडा परत न मिळाला तरी तुम्हाला चालणारा. यातली शेवटची अट पूर्ण होत नसेल तर बाकीच्या तपासूही नका.

आणि काकांनी कधीकाळी स्वित्झर्लंडहून आणलेला वेंगर घरातल्या कपाटात पडून असेल, तर तुमचा पहिला चाकू फुकट मिळाला आहे. त्याला घासू नका, धार लावू नका, भाव विचारत फिरू नका. पुसा, तेलाचा थेंब सोडा, कोणी, कुठून, कोणत्या साली आणला ते चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी त्याच डब्यात ठेवा.